पित्ताशय : प्रकृतिभेद, विकृती आणि त्यांच्या छाया

आजच्या व्याख्यानाचा विषय पित्ताशय हा आहे. विषयाला आरंभ करण्यापूर्वी एका शब्दाचा उलगडा करून घेणे इष्ट ठरेल, कारण या शब्दाने आपल्या बोलण्यात बराच घोटाळा करून ठेवला आहे. तो शब्द म्हणजे पित्त. घशाशी आंबट आले की आपण म्हणतो, पित्त झाले. अंगावर गांधी उठल्या की म्हणतो, पित्त उठले. डोके दुखून पिवळी उलटी झाली की पित्त पडले. यांपैकी पहिले जठरातील आम्लाचे काम असते, दुसरे शरीराला न मानवलेल्या एखाद्या पदार्थाचे किंवा औषधाचे. पित्ताशयाचा त्या दोहोंशी काहीही संबंध नसतो. आयुर्वेदातील पित्त ही तर याहून पुष्कळ व्यापक कल्पना आहे. या व्याख्यानापुरते पित्त म्हणजे यकृतात तयार होणारा हिरवट-पिवळा कडू द्रव, एवढाच अर्थ धरावयाचा आहे. हा शब्दच्छल नव्हे. पित्ताशयात खडे झालेला रोगी वैद्याकडे येऊन 'पित्ताचा त्रास आहे' असे सांगतो, सोडा, आवळा, आमसुलाचे सार असे उपाय वर्षानुवर्षे करीत राहतो, आणि पुष्कळदा ऐकणाराही तो शब्द नेहमीच्याच अर्थाने घेतो.

यकृत दिवसाकाठी सुमारे अर्धा ते एक लिटर पित्त तयार करते. यकृताच्या उजव्या व डाव्या भागांतून निघणाऱ्या नलिका एकत्र येऊन यकृतनलिका बनते. तिला पित्ताशयातून आलेली पित्ताशयनलिका मिळाली, की पुढच्या प्रवाहास मुख्य पित्तनलिका म्हणतात. ही नलिका स्वादुपिंडाच्या मागून जाऊन लहान आतड्याच्या आरंभीच्या भागात उघडते. पित्ताशय ही यकृताच्या खालच्या अंगास चिकटलेली, लांबट पेरूच्या आकाराची पिशवी. तिची लांबी ७ ते १० सेंटिमीटर आणि तीत मावणारे पित्त ३० ते ५० मिलिलिटर, म्हणजे चहाच्या लहान कपापेक्षाही कमी. मग एवढ्याशा पिशवीचा उपयोग काय? दोन जेवणांच्या मधल्या काळात आलेल्या पित्तातील पाणी शोषून घेऊन ही पिशवी ते पाच ते दहापट दाट करते. पुढे तेलातुपाचे अन्न आतड्यात उतरले, की आतड्याच्या अस्तरातून एक संप्रेरक रक्तात मिसळते आणि त्याच्या आज्ञेने पिशवी आकुंचन पावून साठा रिता करते. या संप्रेरकाचे कोलेसिस्टोकायनिन हे नाव १९२८ सालचे आहे.

उपयुक्त असले तरी हे इंद्रिय अपरिहार्य मात्र नाही. घोडा, हत्ती, उंदीर यांना पित्ताशय मुळातच नसते आणि त्यावाचून त्यांचे काही अडत नाही. माणसाचेही ते काढून टाकल्यास पित्त थेट आतड्यात ठिबकत राहते व बहुतेकांचे पचन काही दिवसांत पूर्ववत होते. या एका गोष्टीवर गेल्या शतकाहून अधिक काळची सारी शस्त्रचिकित्सा उभी आहे. अपरिहार्य नसलेले इंद्रिय काढताना हात सैल पडतो हा तिचा दुसरा, तितकासा चांगला नसलेला परिणाम होय.

आता विकारांकडे वळू. पित्ताशयाच्या विकारांतील सर्वांत सामान्य म्हणजे खडे. कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही. पित्तातील क्षार व लेसिथिन हे दोन घटक त्याला धरून ठेवतात म्हणून ते द्रवात राहू शकते. या तिघांचे प्रमाण कोणत्या मर्यादेपर्यंत बिघडले असता कोलेस्टेरॉल स्फटिकरूपाने बाहेर पडते, हे ॲडमिरँड आणि स्मॉल यांनी १९६८ साली एका त्रिकोणाकृती आलेखाने दाखवून दिले. स्थूलता, वारंवारची गर्भारपणे, आणि अतिशय झपाट्याने उतरविलेले वजन यांमुळे हे संतुलन ढळते. दुसऱ्या जातीचे खडे काळे, ठिसूळ व रक्तातील रंगद्रव्यापासून झालेले असतात. ज्यांच्या तांबड्या पेशी सतत फुटत राहतात अशा रोग्यांत ते दिसतात. विदर्भात व नंदुरबारकडील आदिवासी वस्तीत सिकलसेलचा आजार आढळतो, तेथे शाळकरी वयाच्या मुलांतही असे खडे मिळतात ते याच कारणाने. माणूस ज्याच्यापायी बेजार होतो तोच पदार्थ गुरांच्या पित्ताशयात सापडला तर गोरोचन म्हणून तोळ्यामाशाने विकला जातो, ही मौजेची गोष्ट जाता जाता नमूद करावयास हरकत नाही.

खड्यांच्या बाबतीत आपल्या देशाचे दोन भाग पडतात. भारतीय रेल्वेच्या कर्मचाऱ्यांची एक पाहणी १९६८ साली प्रसिद्ध झाली. तीत उत्तरेकडील कर्मचाऱ्यांत पित्ताश्मरीचे प्रमाण दक्षिणेकडील कर्मचाऱ्यांच्या सुमारे सातपट आढळले. नोकरी एकच असताना एवढी तफावत का, याची आहारापासून आनुवंशिकतेपर्यंत अनेक उत्तरे दिली गेली आहेत. ती सर्व येथे तपासण्याचे कारण नाही. परंतु उत्तरेकडील या आधिक्याचा संबंध व्याख्यानाच्या अखेरीस पुन्हा येणार आहे, म्हणून तो ध्यानात असावा.

खडा असणे आणि खड्याचा आजार असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेक खडे जन्मभर मुकेच राहतात. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या १२३ अध्यापकांत तपासणीत अकस्मात खडे आढळले होते. त्यांचा पाठपुरावा केल्यावर २० वर्षांत सुमारे १८ टक्के लोकांनाच त्यांची पीडा झाल्याचे १९८२ साली जाहीर झाले. मुका खडा सापडला म्हणून सरसकट पित्ताशय काढू नये, हा आजचा सर्वमान्य दंडक अशाच पाहण्यांवर उभा आहे. खडा बोलू लागतो तो पिशवीच्या मानेत अडकला म्हणजे. भरपेट जेवणानंतर, बहुधा रात्री, पोटाच्या वरच्या भागात किंवा उजव्या बरगड्यांखाली दुखू लागते. हे दुखणे अर्ध्या तासापासून काही तास टिकते आणि उजव्या खांद्यापर्यंत अथवा पाठीत पोहोचते. खडा तेथून न हलल्यास पिशवीचा दाह सुरू होतो, ताप येतो. वैद्याने उजव्या बरगडीखाली बोटे रोवून रोग्यास खोल श्वास घेण्यास सांगितले, की दाह झालेली पिशवी खाली उतरून बोटांना भिडते आणि श्वास मध्येच अडकतो. शिकागोचे शस्त्रवैद्य मर्फी यांचे हे लक्षण विसाव्या शतकाच्या आरंभापासून वैद्यकात रुजले आहे आणि आजही ते जुने झालेले नाही. खडा मुख्य नलिकेत उतरल्यास कावीळ होते. आणखी खाली सरकून स्वादुपिंडाचे तोंड अडविल्यास त्याचा दाह होतो, तो जिवावर बेतू शकतो.

पिशवीसह खडे काढण्याचे पहिले धाडस १५ जुलै १८८२ रोजी बर्लिन येथे कार्ल लांगेनबुख यांनी केले. रोगी ४३ वर्षांचा होता व सोळा वर्षे या दुखण्याने त्रस्त होता. तोवर शस्त्रवैद्य पिशवी उघडून खडे वेचीत आणि ती पुन्हा शिवून टाकीत. काही काळाने खडे पुन्हा जमत. पिशवीत खडे आहेत म्हणून नव्हे, ती खडे तयार करते म्हणून ती काढावयाची, असा लांगेनबुख यांचा युक्तिवाद होता. मात्र पोट उघडण्यापूर्वी आत काय आहे हे पाहण्याचे कोणतेही साधन त्यांच्यापाशी नव्हते. क्ष-किरणांचा शोध लागावयास अजून तेरा वर्षे होती, आणि तो लागल्यावरही या बाबतीत मोठी निराशाच पदरी आली. चुना साठलेला खडा तेवढा क्ष-किरणांना अडवितो, आणि असे खडे शेकडा दहा ते वीसच असतात. बाकीचे त्या काचेवर उमटतच नाहीत.

ही कोंडी सेंट लुई येथील ग्रॅहम आणि कोल या दोघांनी १९२४ साली फोडली. यकृत जे द्रव्य पित्तावाटे बाहेर टाकते, त्याला क्ष-किरण अडविणारा जड अणू जोडून ते शिरेतून द्यावयाचे, म्हणजे पित्ताशय आपोआप त्याने भरेल, अशी त्यांची कल्पना. प्रयोग कुत्र्यांवर चालले होते आणि एकामागून एक फसत होते. अखेर एका कुत्र्याच्या चित्रात पित्ताशयाची स्वच्छ छाया उमटली. या एकाच कुत्र्यात असे विशेष काय होते याचा शोध घेता, त्या दिवशी त्याला खाऊ घालावयाचे राखणदार विसरला होता असे निष्पन्न झाले, अशी हकिकत सांगितली जाते. इतर कुत्र्यांनी पोटभर खाल्ले होते, त्यामुळे त्यांची पित्ताशये रिती झाली होती! आज पोटाच्या सोनोग्राफीसाठी सहा-आठ तास उपाशी येण्यास सांगतात त्यामागे हेच तत्त्व आहे. घरून चहा-पोहे घेऊन आलेल्या रोग्याची पिशवी आक्रसलेली असते, तिची भिंत जाड भासते, आणि निरोगी माणसाच्या कागदावर रोगाची शंका लिहिली जाते.

त्या जुन्या पद्धतीची जागा १९७०च्या दशकानंतर श्राव्यातीत ध्वनीने घेतली, त्यासच आपण सोनोग्राफी म्हणतो. कानास ऐकू न येणाऱ्या, सेकंदास तीस-चाळीस लाख कंपनांच्या ध्वनीचा झोत त्वचेवरून आत सोडावयाचा आणि परतणाऱ्या प्रतिध्वनींचे चित्र पडद्यावर पाहावयाचे. पित्त हा एकजीव द्रव. त्यातून प्रतिध्वनी उठत नाही, म्हणून पिशवीची पोकळी काळीभोर दिसते. खड्यावरून ध्वनी परततो, म्हणून खडा पांढराशुभ्र दिसतो. खड्यापलीकडे ध्वनी पोहोचतच नाही, म्हणून त्याच्या मागे काळा पट्टा पडतो. उन्हात उभ्या असलेल्या माणसाची सावली पडावी तसाच हा प्रकार, फक्त प्रकाशाच्या जागी ध्वनी. तिसरी खूण अशी, की रोग्यास कुशीवर वळविले असता खडा पिशवीत घरंगळतो. पांढरा ठिपका, मागची छाया आणि हालचाल ही तीन लक्षणे एकत्र जुळली तर खड्याचे निदान जवळजवळ निश्चित समजावे. पित्ताशयातील शंभरांपैकी पंचाण्णव खडे ही साधी तपासणी दाखविते. उलट सीटी स्कॅनसारख्या महागड्या यंत्रातून निव्वळ कोलेस्टेरॉलचा खडा कित्येकदा सुटतो, कारण त्याची घनता पित्ताच्या घनतेशी मिळतीजुळती असते.

तिन्हींपैकी एखादे लक्षण नसेल तेव्हाच खरी परीक्षा सुरू होते. ठिपका आहे, छाया नाही आणि रोगी वळला तरी तो जागचा हलत नाही, तर तो खडा नसून भिंतीवर उगवलेला मोड, म्हणजे पॉलिप असण्याचा संभव अधिक. असे बहुतेक मोड कोलेस्टेरॉलचे व निरुपद्रवी असतात; दहा मिलिमीटरहून मोठा मोड मात्र काढावयाचा असतो, कारण त्यात कर्करोग दडलेला असू शकतो. छाया नाही पण पदार्थ संथपणे खाली बसतो आहे, तर तो पित्तातला गाळ. दीर्घ उपवासानंतर किंवा अतिदक्षता विभागात शिरेवाटेच पोषण चाललेल्या रोग्यांत तो दिसतो आणि पुष्कळदा आपोआप नाहीसा होतो. ठिपका भिंतीतच आहे आणि त्यामागे धूमकेतूसारखे तेजस्वी शेपूट उमटले आहे, तर ती भिंतीच्या अस्तराने स्नायूत खुपसलेल्या सूक्ष्म खळग्यांत साचलेल्या स्फटिकांची करामत. हा विकार सहसा सौम्य असतो. याच्या उलट छाया आहे पण खडा नाही, असेही घडते. पित्ताशयाच्या मानेत आणि तिच्या नलिकेत मळसूत्री घड्या असतात. ध्वनीचा झोत त्या घड्यांच्या कडेवर वाकतो आणि खोटी सावली पाडतो. शेजारच्या आतड्यातील वायूही सावली पाडतो, परंतु ती मळकट, विस्कटलेली असते. अनुभवी डोळ्याला दोहोंतला फरक कळतो. नवख्याला तो सांगूनही कळत नाही, तो रोग्यास वळवूनच पाहावा लागतो.

भिंतीच्या जाडीविषयी थोडे विस्ताराने सांगावयास हवे. उपाशी पोटी पित्ताशयाची भिंत तीन मिलिमीटरपेक्षा पातळ असते. दाहात ती जाड होते, हे खरे. तथापि जाड भिंत म्हणजे दाह, हे समीकरण चुकीचे आहे. हृदय थकले असता, यकृत सुकले असता, रक्तातील प्रथिने घटली असता, विषाणूजन्य काविळीत, अशा अनेक अवस्थांत पित्ताशयाचा स्वतःचा काहीही दोष नसताना त्याच्या भिंतीत पाणी उतरते. डेंग्यूच्या साथीत हे वारंवार दिसते. ताप आहे, पोटात दुखते आहे, सोनोग्राफीत पित्ताशयाची भिंत फुगलेली आहे. एवढ्यावर घाईने शस्त्रक्रियेचा विचार झाला, तर रक्तबिंबाणू उतरलेल्या रोग्याच्या पोटावर सुरी चालविण्याचा प्रसंग ओढवेल. डेंग्यूतील ही सूज ताप उतरल्यावर काही दिवसांत मावळते. भिंत जाड असून आत खडा नाही, आणि यंत्राची मूठ पित्ताशयावर दाबली असता रोग्यास नेमके तेथेच दुखत नाही, अशा वेळी कारण पित्ताशयाबाहेर शोधावे.

विकार आणि शरीररचनेतील स्वाभाविक भेद यांची गल्लत हा या विषयाचा सर्वांत अवघड, आणि रोग्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग होय. पाठ्यपुस्तकातील पित्ताशय हे एक सरासरीचे चित्र असते. प्रत्यक्षात माणसांचे चेहरे जसे वेगळे तशीच त्यांची पित्ताशयेही. काहींच्या पित्ताशयाचा तळ स्वतःवरच दुमडलेला असतो. प्राचीन आशिया मायनरमधील फ्रिजियन लोक पुढे टोक वळलेली टोपी घालीत, तिच्यावरून या आकारास फ्रिजियन टोपी हे नाव पडले. हीच टोपी पुढे फ्रेंच राज्यक्रांतीचे चिन्ह झाली. शंभरांत एक ते सहा जणांत आढळणारा हा आकार हा रोग नव्हे. पण घडीची रेषा कधी पडदा म्हणून, कधी शेजारची गाठ म्हणून वाचली जाते. एखाद्याचे पित्ताशय यकृताच्या गाभ्यात पुरलेले असते, तर दुसऱ्याचे लांब देठावर लोंबकळणारे. लोंबकळणारे कधी पीळ पडून मृत होते, विशेषतः वृद्ध स्त्रियांत. क्वचित ते यकृताच्या डाव्या अंगास असते. सुमारे चार हजारांत एकास दोन पित्ताशये असतात. त्यांपैकी एकच काढले गेल्यामुळे दुखणे कायम राहिलेले रोगी वैद्यकीय वाङ्मयात नोंदले गेले आहेत.

आणि लाखात दहा ते पासष्ट जणांस पित्ताशय नसतेच. हा भेद सर्वांत धोक्याचा आहे. खड्यांनी ठासून भरलेले व आक्रसलेले पित्ताशय सोनोग्राफीत कसे दिसते हे आठवावे: पुढच्या भिंतीची एक पांढरी रेषा, तिच्याखाली पित्ताची बारीक काळी रेषा, मग खड्यांची दुसरी पांढरी रेषा आणि त्यामागे दाट छाया. पोकळी दिसतच नाही. ज्यास पित्ताशय नाही त्याच्या यकृताखाली आतड्याचे वेटोळे वर सरकलेले असते, आणि त्यातील वायू हुबेहूब असेच नाही तरी पुष्कळसे असे चित्र उभे करतो. पित्ताशय असावयासच हवे, अशा गृहीताने पाहणाऱ्याच्या लेखणीतून 'आकुंचित, खडेयुक्त पित्ताशय' हे शब्द सहज उतरतात. पुढे शस्त्रवैद्य नसलेल्या इंद्रियाचा शोध घेत नलिका व रक्तवाहिन्यांच्या गर्दीत खोल खोल शिरतो. अशा वेळी तेथेच थांबावे, रोग्यास बाहेर आणावे आणि चुंबकीय अनुकंपनाच्या तंत्राने पित्तनलिकांचे चित्र घ्यावे, असे आता सांगितले जाते. १९९०च्या दशकात रूढ झालेल्या या तपासणीत सुई नाही, दुर्बीण नाही, क्ष-किरणही नाहीत. नलिकांतील स्थिर द्रवच झाडाच्या फांद्यांसारखा उजळून दिसतो.

नलिकांचे भेद तर पिशवीच्या भेदांहूनही अधिक. पित्ताशयनलिका कोणाची आखूड, कोणाची लांब. कोणाची मुख्य नलिकेला चिकटून समांतर उतरत खूप खाली मिळणारी, कोणाची उजव्या यकृतनलिकेलाच जोडलेली. यकृताच्या उजव्या मागील भागाची नलिका काही लोकांत मुख्य प्रवाहास न मिळता थेट पित्ताशयनलिकेत उतरते. उजव्या यकृताकडे जाणारी धमनी कधी सुरवंटासारखी पाठ वर करून पित्ताशयाला टेकते आणि पित्ताशयाचीच धमनी समजून बांधली जाते. फ्रेंच शस्त्रवैद्य कालो यांनी १८९१ सालच्या आपल्या प्रबंधात येथील एक लहानसा त्रिकोण आखून दिला, तो याच गुंतागुंतीत वाट सापडावी म्हणून. तशातच मोठा खडा पिशवीच्या मानेत रुतून शेजारच्या यकृतनलिकेला दाबीत असेल, तर दोन्ही नलिका दाहाने एकमेकींस चिकटून जातात. अर्जेंटिनाचे मिरिझी यांनी १९४८ साली वर्णिलेला हा विकार आधी चित्रात ओळखला गेला नाही, तर शस्त्रक्रियेच्या मेजावर फार महाग पडतो.

हे सारे ज्ञान केवळ पंडिती नाही, याचा प्रत्यय दुर्बिणीची शस्त्रक्रिया रूढ झाल्यावर आला. जर्मनीतील एरिक म्यूए यांनी १९८५ साली पोटावर लहान छिद्रे पाडून पहिले पित्ताशय काढले, तेव्हा त्यांच्याच व्यवसायबंधूंनी त्यांची हेटाळणी केली. भारतात मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी १९९० साली ही शस्त्रक्रिया प्रथम केली. आज ती जिल्ह्याच्या गावांपर्यंत पोहोचली आहे. रोगी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी जातो, आठवड्या-दोन आठवड्यांत कामाला लागतो. परंतु या पद्धतीबरोबर मुख्य पित्तनलिकेस इजा होण्याचे प्रमाण वाढले. जुन्या पद्धतीत हजारी दोनच्या आसपास असलेली इजा आरंभीच्या वर्षांत दुपटीहून अधिक झाली. कापली गेलेली मुख्य नलिका म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी कावीळ, आतड्याशी नलिका जोडण्याची अवघड शस्त्रक्रिया, आणि काहींच्या बाबतीत यकृत निकामी होणे. सॅन फ्रान्सिस्को येथील लॉरेन्स वे व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा २५२ इजांचा अभ्यास करून २००३ साली जो निष्कर्ष काढला, तो विचार करावयास लावणारा आहे. त्यांपैकी ९७ टक्के इजांचे मूळ हातातल्या कौशल्याच्या उणिवेत नसून दृष्टिभ्रमात होते. पित्ताशय वर ओढले असता त्याची नलिका आणि मुख्य नलिका एका सरळ रेषेत येतात. पाहणाऱ्यास मुख्य नलिका हीच पित्ताशयाची वाटते, आणि तो निःशंक मनाने ती कापतो. म्हणूनच अमेरिकेतील स्ट्रासबर्ग यांनी १९९५ साली एक शिस्त घालून दिली: त्रिकोणातील चरबी व तंतू पूर्ण साफ करावे, पित्ताशयाचा खालचा भाग यकृतापासून सोडवावा, आणि पित्ताशयाकडे जाणाऱ्या दोनच रचना उघड दिसल्याखेरीज काहीही कापू नये. दोनच दिसत नसतील, तर पोट उघडावे किंवा पिशवीचा काही भाग मागे ठेवून परतावे. यात कमीपणा नाही, हे रोग्याच्या आप्तांनीही समजून घ्यावयास हवे. छिद्राने आरंभिलेली शस्त्रक्रिया मोठ्या छेदाने संपली म्हणजे शस्त्रवैद्य चुकला, हा समज अनेक ठिकाणी रूढ आहे आणि तो अन्यायाचा आहे.

आता उत्तर भारताकडे परत यावयाचे. गंगेचे खोरे, म्हणजे दिल्ली, उत्तर प्रदेश, बिहार व पश्चिम बंगालचा पट्टा, आणि पुढे आसाम, हा पित्ताशयाच्या कर्करोगाच्या दृष्टीने जगातील सर्वाधिक ग्रस्त प्रदेशांपैकी एक होय. दक्षिण अमेरिकेतील चिली हा असाच दुसरा देश. पुरुषांपेक्षा स्त्रियांत हा रोग अधिक. दीर्घकाळचे खडे, विषमज्वराच्या जंतूंचे पित्ताशयातील ठाण, पाण्यातील व मातीतील जड धातू या कारणांचा विचार झाला आहे. खड्यांचा संबंध त्यांत सर्वांत पक्का मानतात. खडे असलेल्या बहुसंख्य लोकांना कर्करोग होत नाही, हेही त्याच श्वासात सांगितले पाहिजे. या रोगाचे क्रौर्य असे, की तो आरंभी खड्यांच्याच पाठीआड लपतो. दुखणे तेच, सोनोग्राफीतील छाया तीच. खड्यांच्या सावलीमागे भिंतीचा जो भाग झाकला जातो, नेमका तेथे रोग असू शकतो. स्विस शस्त्रवैद्य कूर्व्हाझिए यांनी १८९० साली एक सूत्र मांडले, की कावीळ आहे आणि न दुखणारे फुगलेले पित्ताशय हातास लागते, तर कारण खडा असण्याचा संभव कमी. वारंवार दाह झालेले पित्ताशय जून चामड्यासारखे ताठ होते, ते फुगू शकत नाही, हा त्याचा खुलासा. अशा रोग्यात गाठीचा शोध घ्यावयाचा असतो.

याच प्रदेशात उलट दिशेची फसगतही घडते. जुनाट दाहाचा एक विशिष्ट प्रकार उत्तर भारतात बराच आढळतो. त्यात चरबीने भरलेल्या पेशी भिंतीत साठतात, भिंत बोटभर जाड होते, शेजारच्या यकृतास व आतड्यास चिकटते; सोनोग्राफी, सीटी स्कॅन, आणि पोट उघडल्यावर शस्त्रवैद्याचे बोट, तिघेही तो कर्करोगच असल्याची ग्वाही देतात. भिंतीत काळसर खळगे दिसणे आणि आतल्या अस्तराची रेषा अखंड असणे या खुणा दाहाकडे बोट दाखवितात, परंतु त्या निर्णायक नाहीत. कित्येकदा दोन्ही रोग एकाच पिशवीत शेजारी शेजारी नांदतात. अंतिम निर्णय सूक्ष्मदर्शकाखालीच होतो.

आणि नेमकी हीच पायरी अनेक ठिकाणी गाळली जाते. शस्त्रक्रिया संपली की खडे धुऊन लहान बाटलीत घालून आप्तांच्या हाती दिले जातात. आप्त ते घरी नेतात, शेजाऱ्यांना दाखवितात, कोणी मोजून ठेवतो. खडे पाहून सर्वांचे समाधान होते. पिशवी मात्र टाकून दिली जाते. वास्तविक खड्यांत पाहण्यासारखे फारसे काही उरलेले नसते. तपासावयाची असते ती पिशवी. खड्यांसाठी म्हणून काढलेल्या पित्ताशयांत अगदी थोड्यांत का होईना, कोणाच्याही ध्यानीमनी नसलेला कर्करोग सूक्ष्मदर्शकाखाली सापडतो, आणि गंगेच्या खोऱ्यात हे थोडे इतर प्रांतांपेक्षा अधिक असते. पिशवी कापून आतले अस्तर डोळ्यांनी पाहावे, मग ती फॉर्मॅलिनमध्ये घालून विकृतिशास्त्रज्ञाकडे पाठवावी. खर्च शस्त्रक्रियेच्या मानाने किरकोळ असतो. रोग अस्तराच्या थरापुरताच असल्यास पिशवी काढली तेवढ्याने काम भागते, पुढे बहुधा काही करावे लागत नाही. तो स्नायूच्या थरात वा त्याच्या पलीकडे गेला असल्यास शेजारचा यकृताचा भाग व लसीका ग्रंथी काढण्यासाठी दुसरी शस्त्रक्रिया करावयाची असते, आणि ती काही आठवड्यांच्या आत झाली तर तिचा उपयोग होतो. पिशवीचा अहवाल येण्यास आठवडाभर लागतो. तो घेण्यासाठी टाके काढावयाच्या दिवशी रोग्याने पुन्हा दवाखान्यात जावे, आणि घरातील कोणी तरी तो अखेरपर्यंत वाचून घ्यावा.